पेशन्सचा अर्धा हॉल

अल्कली काउंटीतलं एकही गाव कुणी ठरवून वसवलेलं नाही. काहीतरी मोडलं, मेलं, नाहीतर रुसून बसलं, आणि तिथं गाव झालं.

पेशन्स झालं ते एका खेचरामुळे. लोरेटा पेनरोजच्या पणजोबांचं खेचर भर वाळवंटात जे बसलं ते उठेचना. शिव्या झाल्या, विनवण्या झाल्या, खेचराच्या कानात गाणंसुद्धा म्हणून झालं. शेवटी पणजोबांनी वैतागून एक दगड लाथाडला, तर खाली चांदी. रिवॉर्डची कथा आणखी उदात्त. तिथं एका मालगाडीचा आस मोडला. गाडीत व्हिस्की होती. नवा आस येईपर्यंत व्हिस्की संपली, पण तोवर चार गुत्ते उभे राहिले होते आणि पाचव्याचा पाया खणून झाला होता.

लोरेटाची शेजारीण मेबल टॉम ही शोशोनी, म्हणजे इथल्या मूळ जमातीतली. तिला या कथा फार आवडायच्या. "खेचर बसलं ना, तेव्हा माझी पणजी तिथं झऱ्यापाशी बसलेलीच होती," ती म्हणायची. "पण ती पडली माणूस. तिच्यापासून इतिहास कसा सुरू करणार?"

चांदी संपली तेव्हा अर्ध्या पेशन्सला रेल्वेपाशी, म्हणजे रिवॉर्डला जायचं होतं आणि अर्ध्याला नव्हतं. प्रश्न उरला गावाच्या हॉलचा. फळ्या सगळ्यांनी दिलेल्या, खिळे सगळ्यांनी ठोकलेले. पंचायत बसली, खूप विचार झाला, आणि अत्यंत न्याय्य असा निर्णय लागला: हॉल मधोमध करवतीनं कापायचा. लोखंडी शेगडी असलेला अर्धा खेचरांनी ओढून रिवॉर्डला नेला, पियानो असलेला अर्धा पेशन्सला राहिला. उघड्या बाजूला दोघांनीही फळ्या ठोकल्या. तेव्हापासून रिवॉर्डमध्ये ऊब होती पण नाच नव्हता, आणि पेशन्समध्ये हिवाळ्यात हातमोजे घालून पियानो वाजवत. आपलाच अर्धा खरा हॉल आणि समोरचा निव्वळ तुकडा, याबद्दल मात्र दोन्ही गावांचं शंभर वर्षं एकमत होतं.

याच एकमतावर लोरेटाचा संसार मोडला. नवरा अन्सेल्मो एचेवेरी रिवॉर्डचा. घरं आणि दुकानं उचलून इकडून तिकडे नेण्याचा धंदा. लोकांची बिऱ्हाडं छपरासकट हलवणारा हा माणूस स्वतः पेशन्सपर्यंत नऊ मैल हलायला तयार नव्हता. लोरेटाही नव्हती. घटस्फोटाच्या वेळी न्यायाधीशांनी विचारलं, "दुसरं काही कारण?" दोघं एका सुरात म्हणाली, "अजून काय पाहिजे?"

असं सगळं सुरळीत चालू असताना काउंटीच्या रस्तेखात्यावर ग्रेटा लुंडक्विस्ट नावाची नवी प्रमुख आली. वयानं तरुण, स्वभावानं सरळ आणि डिझेलच्या बाबतीत कंजूस. काउंटीच्या बैठकीत तिनं सांगून टाकलं, की ज्या जागी वापरात असलेली एक अख्खी सार्वजनिक इमारत असेल तेच गाव. लोक त्या इमारतीला ज्या रस्त्यानं येतात, त्या रस्त्यावर महिन्याला ग्रेडर, म्हणजे रस्ता खरवडून सपाट करणारं यंत्र, फिरेल. बाकीच्यांना 'जुनी वसाहत' अशी पितळी पाटी मिळेल.

"आमचा हॉल आहे की," लोरेटा उठून म्हणाली.

"अर्धा आहे, पेनरोजबाई."

"पियानोसकट आहे."

"मला वाईट वाटतं. पण अर्धी इमारत म्हणजे इमारत नव्हे. शनिवारी मी स्वतः पाहायला येते."

लोरेटा खाली बसली. रिवॉर्डनं गेल्या वर्षीच अग्निशमन केंद्र बांधलं होतं, चांगलं अख्खं. त्यांना धक्का नव्हता. पेशन्सच्या सात माणसांचं काय? ग्रेडर फिरला नाही तर त्या कच्च्या रस्त्याला दोन महिन्यांत धुण्याच्या फळीसारख्या वळ्या पडतात. मग पाण्याचा टँकर यायचा बंद होतो. पेशन्सची विहीर तर चांदीच्याही आधी रामराम म्हणून गेली होती. टँकर बंद म्हणजे लोरेटाला रीनो शहरात भाचीकडे जाणं भाग होतं. तिसरा मजला, मऊ गालिचा, आणि खिडकी उघडली की दुसऱ्याची खिडकी. भाचीनं खोली रंगवूनसुद्धा ठेवली होती. लोरेटाच्या मते हे रुग्ण जिवंत असताना शवपेटीला पॉलिश करण्यापैकी होतं.

बाहेर अन्सेल्मो आपल्या ट्रकला टेकून उभा होता.

"रडतेस काय?"

"धूळ गेली डोळ्यात."

"आत? खुर्चीवर बसून?"

"सेल्मो, तुला दुसरा उद्योग नाही का?"

"आहे. म्हणून तर थांबलोय." त्यानं टोपी काढून आतून तपासली, जणू पुढचं वाक्य तिथं लिहिलेलं होतं. "आमच्या अर्ध्यात मी जुने टायर ठेवतो. टायर काय, बाहेरही राहतील. शुक्रवारी आणून देतो तुझ्या दारात. जोडून टाक."

लोरेटा त्याच्याकडे पाहत राहिली. लग्नाच्या अकरा वर्षांत या माणसानं तिला एक वाफेची इस्त्री दिली होती, आणि तीही गळकी.

"आणि रिवॉर्डचे लोक?"

"विचारलं. गुत्त्यात जेवढे होते तेवढ्यांना. झोपलेला एक सोडून सगळे हो म्हणाले."

शुक्रवारी सकाळी पेशन्सची सातही माणसं रस्त्याला डोळे लावून बसली. दहा वाजता क्षितिजावर धूळ दिसली. धुळीत एक हिरवी भिंत, तिच्यावर छप्पर, छपरावर शेगडीचं धुराडं. शंभर वर्षांनी हॉलचा अर्धा माहेरी येत होता. मेबलनं दुर्बीण डोळ्याला लावली.

"थांबला."

"दम खात असेल."

"लोरा, छप्पर तिरकं झालंय."

दोघी मेबलच्या जीपनं पोचल्या तेव्हा ट्रक कोरड्या तळ्याच्या काठावर, रस्त्यापासून चार पावलं बाजूला, चाकांच्या आसापर्यंत रुतला होता. अन्सेल्मो चाकाकडे पाहत उभा होता, खेचराकडे पाहत उभ्या असलेल्या माणसासारखा.

"रस्ता का सोडलास?" लोरेटा जीपमधूनच ओरडली.

"रस्ता आहे कुठं? वळ्यांवरून शेगडी तांडव करायला लागली. छप्पर सुटलं असतं. म्हटलं, बाजूनं सपाट दिसतंय."

"सपाट दिसतंय! कोरडं तळं सपाटच दिसतं, सेल्मो! खाली चिखल असतो, हे या काउंटीत शेळीलासुद्धा कळतं!"

"शेळी एवढं वजन नेत नाही."

"माझी आजी या जागेला एक नाव सांगायची," मेबल शांतपणे म्हणाली. "त्याचा अर्थ 'थांबू नका.'"

"हे आधी सांगायचं होतंस!" दोघं एका सुरात ओरडली. न्यायाधीशांसमोर ओरडली होती तशीच.

"तुमच्या लोकांनी विचारल्याचं मला तरी आठवत नाही."

दुपारपर्यंत एवढं झालं: जॅक लावून हॉलचा अर्धा उचलला, खाली रेल्वेचे जुने ओंडके रचले, तेव्हा कुठं ट्रक मोकळा होऊन रस्त्यावर आला. हॉल मात्र जिथल्या तिथं. त्याच्याखाली ट्रक परत घालायचा म्हणजे ट्रकला कायमची मूठमाती. अन्सेल्मो पायरीवर बसला. उद्या शनिवार. रिवॉर्डपासून साडेचार मैल, पेशन्सपासून साडेचार मैल, चहूकडे मीठ, आणि मध्ये एक हिरवा अर्धा हॉल.

"चुकलंच माझं, लोरा," तो म्हणाला. हे वाक्य लोरेटानं यापूर्वी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. तिला ते चिखलापेक्षा धोकादायक वाटलं.

ती हॉलभोवती एक फेरी मारून आली. कापलेल्या बाजूला ठोकलेल्या फळ्या निखळल्या होत्या. करवत चालवणारे पूर्वज त्या दिवशी शुद्धीत नसावेत, कारण काप छपराशी एकीकडे आणि जमिनीशी भलतीकडे गेला होता. अशा कापाला जगात एकच जोड बसणार होती, आणि ती तिच्या गावात पियानोला पोटाशी धरून उभी होती.

पियानोवाला अर्धा इथं आणायचा म्हणजे पेशन्समध्ये काहीच उरणार नाही. तुकडासुद्धा नाही. उद्या त्या रस्तेखात्याच्या पोरीनं नाही म्हटलं तर पितळी पाटी ठोकायलाही भिंत सापडायची नाही. साडेचार मैल. नवरा सोडला, पण नऊ मैल हलली नव्हती ती.

"सेल्मो," ती म्हणाली, "ट्रक चालू कर."

"कुठं?"

"माझ्याकडे. आमचा अर्धा आणायचा. या वेळी रस्त्यानं, आणि चालत्या माणसाच्या वेगानं. मी पुढं चालते."

अन्सेल्मो पायरीवरून उठला. "तू? पेशन्सचा हॉल हलवणार?"

"बोलत राहिलास तर विचार बदलेल माझा."

ती खरंच पुढं चालली, आणि मागून पांढरा अर्धा हॉल हळूहळू आला. प्रत्येक वळीवर पियानो आतून एक सूर काढायचा. रिवॉर्डहून माणसं आली, गुत्त्यात झोपलेलासुद्धा आला. रस्त्यापासून ओंडक्यांवरून लोळवत, दोर लावून, एकमेकांच्या आजोबांचा उद्धार करत त्यांनी तो अर्धा हिरव्याला नेऊन भिडवला. काप कापात गेला. वर फक्त हाताचा पंजा जाईल एवढी फट राहिली. ती का राहिली याबद्दल दोन्ही गावांचे ताबडतोब मतभेद झाले.

शनिवारी ग्रेटा आली तेव्हा धुराड्यातून धूर निघत होता, आत कुणीतरी हातमोजे न घालता पियानो बडवत होतं. टेबलावर पेनरोजांच्या पेस्ट्या म्हणजे मांसाच्या करंज्या, एचेवेरींचा कोकराचा रस्सा, मेबलचा तळलेला पाव. ग्रेटानं हिरवी भिंत बघितली, पांढरी भिंत बघितली, मग हातातला नकाशा उलटा धरून बघितला.

"पेनरोजबाई, हे कुठलं गाव?"

"अख्खी सार्वजनिक इमारत," लोरेटा म्हणाली. तिनं एप्रनला हात पुसले. "वापरात असलेली."

"ते दिसतंय. पण लोक येतात कुठल्या रस्त्यानं?"

"आम्ही इकडून," अन्सेल्मो तोंडात घास धरून म्हणाला. "आणि ती तिकडून. पार तिच्या दारापासून."

ग्रेटानं नकाशा टेबलावर ठेवला. मग खुर्ची ओढून बसली. खुर्चीचे दोन पाय हिरव्या बाजूला आले, दोन पांढऱ्या.

"म्हणजे मी एक गाव कमी करायला निघाले होते," ती म्हणाली, "आणि तुम्ही मला तिसरं काढून दिलंत. नऊच्या नऊ मैल ग्रेडर."

"नियम तुमचाच, मॅडम," मेबल म्हणाली. "रस्सा घ्या. गार होईल."

ग्रेटानं रस्सा घेतला. दुसऱ्यांदाही घेतला. नकाशावर ठिपका काढायला पेन उघडून तिनं नाव विचारलं, आणि हॉलमध्ये असा गदारोळ माजला की पियानो थांबला. रिवॉर्डवाल्यांना 'न्यू रिवॉर्ड' हवं होतं. पेशन्सवाल्यांना 'पेशन्स स्टेशन' हवं होतं, इथं कुठलंही स्टेशन नसताना. करवत आणा, असंही कुणीतरी सुचवलं.

"या जागेला नाव आहे," मेबल म्हणाली.

आता हायवेच्या फाट्यावर पाटी आहे: 'थांबू नका, साडेचार मैल.' जाणारी प्रत्येक गाडी तिथं थांबते, फोटो काढते आणि आत वळून पेस्टी मागते. ग्रेडर महिन्याला एकदा लोरेटाच्या दारापर्यंत येतो आणि तिच्या अंगणात वळतो. टँकर येतो. रीनोच्या रंगवलेल्या खोलीत भाचीनं मांजर ठेवलंय.

लोरेटा पेशन्सलाच राहते आणि अन्सेल्मो रिवॉर्डला. तत्त्वाचा प्रश्न आहे. फक्त रोज चारच्या सुमाराला दोघं आपापल्या बाजूनं साडेचार मैल येतात, शेगडीवर कॉफी ठेवतात, आणि छपराची फट कुणाच्या बाजूला आहे यावर अंधार पडेपर्यंत भांडतात.