खिडक्या उघड्या: होय

छाननीच्या खोलीला तीन खिडक्या होत्या आणि तिन्ही खिळे ठोकून बंद केलेल्या होत्या. ते खिळे ठोकून घेणारी बाई त्याच खोलीत, मधल्या खिडकीखाली बसून गेली एकतीस वर्षं टपाल निवडत होती. पोस्टातले सगळे तिला मावशी म्हणत. साहेबसुद्धा म्हणत, आणि साहेब तिच्याहून जेमतेम चार वर्षांनी लहान, हे तिला कायम खटकायचं.

खिळ्यांचं कारण साधं होतं. सतरा वर्षांपूर्वी एका दुपारी वारा सुटला, कप्प्यांतली पाकिटं भराभर उडाली, आणि त्यातलं एक खिडकीबाहेर गेलं ते गेलंच. कुणाचं तरी नोकरीचं पत्र होतं. तो माणूस पुढे महिनाभर रोज काउंटरपाशी येऊन "आलं का?" म्हणून विचारायचा. मावशीनं तेव्हाच्या साहेबांच्या मागे लागून सुतार आणवला. तेव्हापासून त्या खोलीत पंखासुद्धा एक नंबरच्या वर कुणी फिरवला नव्हता. कुणाचा हात बटणाकडे गेला की मावशी नुसती बघायची आणि तेवढं पुरायचं.

मग साथ आली. सगळं बंद झालं, टपाल काही बंद झालं नाही. उलट घरात अडकलेल्या लोकांनी औषधांपासून व्यायामाच्या सायकलीपर्यंत जे सुचेल ते घरी मागवायचा सपाटा लावला आणि खोलीतले पार्सलांचे ढीग खांद्याला लागले. अशात वरून एक फॉर्म आला. कर्मचारी आरोग्य व सुरक्षा, दैनिक तपासणी. मास्क: होय. हात धुण्याची सोय: होय. टेबलांमध्ये अंतर: होय. खिडक्या उघड्या: होय. साहेब आल्या आल्या एका दमात सगळे होय लिहून काढत आणि कागद मावशीपुढे सरकवत, कारण कर्मचाऱ्यांतर्फे सगळ्यात जुन्या माणसाची सही लागायची.

पहिल्या दिवशी ती थबकली होती.

"साहेब, खिडक्या तर बंद आहेत."

"अहो, माहीत आहे मला. नाही लिहिलं तर उद्या दहा प्रश्न येतील. आणि उघडल्या तर टपाल काय मी धरून बसू? खिळे तुम्हीच मारून घेतलेत ना?"

ते खरंच होतं. तिनं सही केली. दुसऱ्या दिवशी थबकली नाही, आणि आठवड्याभरात तर ती रकान्याकडे न बघता सही करायला लागली.

खोलीत पाच माणसं होती. मास्कमध्ये आपलाच गरम श्वास परत परत घ्यायचा, चष्म्यावर वाफ धरायची, पोत्यांची धूळ घशात बसायची आणि खोकायची तर चोरी. कुणी नुसतं घसा खाकरलं तरी बाकीचे चौघं हातातलं काम थांबवून त्याच्याकडे बघत. फक्त शिक्केवाल्या काकांना कशाची फिकीर नव्हती. मावशीच्या समोरच्या टेबलावर बसून ते तिकिटांवर ठकाठक शिक्के मारत आणि बोलायचं झालं की मास्क हनुवटीवर ओढत.

"अहो काका, वर घ्या तो!"

"मावशी, तोंड झाकलं की मला माझंच ऐकू येत नाही हो," ते म्हणत, आणि सगळे हसत. मावशीही हसायची. मग घरी जाताना त्या हसण्याचा तिला रागराग यायचा.

कारण घरी नवरा होता. जन्मभर पायी टपाल वाटलेला माणूस. आदल्या वर्षी त्याच्या फुप्फुसांत पाणी झालं, तेव्हापासून जिना चढला तरी त्याला धाप लागायची. डॉक्टरांनी मावशीला बाजूला घेऊन सांगितलं होतं की या माणसाला ही साथ झेपणार नाही. साथ सुरू झाली त्याच दिवशी तिनं त्याला आतल्या खोलीत ठेवला. खोलीला लागून न्हाणीघर होतं, तेवढं बरं. ती स्वतः स्वयंपाकघरात झोपू लागली. ताट दाराबाहेर ठेवायची आणि दार वाजवून मागे व्हायची. त्याच्या खोलीची रस्त्यावरची खिडकी तिनं लावून घेतली आणि फटींवर पार्सलांची खाकी चिकटपट्टी मारली. बारा तुकडे लागले. बाहेरची हवा आत यायला नको, एवढंच तेव्हा तिच्या डोक्यात होतं.

"मलाही रजिस्टर करून टाक," तो आतून म्हणाला होता. "वजन करतेस का?"

"गप बसा," ती म्हणाली.

त्याच्याकडे श्वासाच्या व्यायामाचं एक प्लॅस्टिकचं यंत्र होतं, तीन चेंडूंचं. नळी ओढायची आणि चेंडू वर उचलायचे. रोज संध्याकाळी दाराशी बसून ती त्या चेंडूंचा आवाज ऐकायची. टक, टक. दोन. दोन ऐकू आले की तिच्या घशाखाली घास उतरायचा.

सात आठवडे असे गेले. साडेसहाला ती रस्त्याच्या कोपऱ्यावर यायची, मान वर करून पहिल्या मजल्यावरची ती खिडकी बघायची, काचेमागे खाकी पट्ट्या जागच्या जागी दिसल्या की जिना चढायची. पट्ट्यांच्या कडा अलीकडे मुडपलेल्या वाटत. उन्हानं डिंक सुटत असेल, असं तिनं ठरवून टाकलं.

आठव्या आठवड्यात एका मंगळवारी काका आले नाहीत. बुधवारी सकाळी साहेबांनी दारातूनच सांगितलं, काकांना दवाखान्यात ठेवलंय, ऑक्सिजनवर आहेत, दुपारी सगळ्यांची तपासणी होणार. आणि सवयीनं फॉर्म पुढे केला.

मावशीनं कागद हातात घेतला. काकांच्या टेबलावर शिक्का पालथा पडला होता. खिडक्या उघड्या: होय. हे आपण किती वेळा खरं ठरवलं, ते तिनं मोजायला घेतलं आणि मध्येच सोडून दिलं.

"मी सही करणार नाही."

"मावशी, आज वाद नको. आज सगळ्यांचीच मनःस्थिती..."

"वाद कुठं घालतेय? खोटं आहे ते खरं करते, मग सही करते."

पोत्यांची सीलं तोडायची पक्कड तिनं उचलली आणि खुर्चीवर चढली. सतरा वर्षांचे गंजलेले खिळे सहजासहजी थोडेच निघतात? पहिल्याला तिचं मनगट सोलवटलं, दुसऱ्याचं डोकंच तुटलं. साहेब खाली उभे राहून "अहो, टपाल उडालं तर जबाबदारी कुणाची?" म्हणत होते.

"माझी. लिहून आणा. सहीची तर मला सवयच झालीय."

खिडकी उघडली आणि वारा आत घुसला. पन्नासेक पाकिटं उडाली, बाकीचे तिघं त्यांच्यामागे धावले, आणि मग कुणाला तरी जुन्या तराजूची पितळी वजनं आठवली. प्रत्येक गठ्ठ्यावर एकेक वजन बसलं. एकही पत्र बाहेर गेलं नाही. इतकं सोपं होतं ते, आणि सतरा वर्षांत कुणाला सुचलं नव्हतं. मावशीला सुचलं नव्हतं, हे तिला जास्त लागलं.

दुपारी आवारात तपासणीचं टेबल मांडलं. मावशीला लागण झालेली निघाली. बाकी कुणाला नाही.

"चार वाजता विलगीकरणाची गाडी येईल," तपासणीवाल्या बाई म्हणाल्या. "घरी कोण असतं?"

"नवरा. पण तो वेगळ्या खोलीत असतो. दार बंद असतं."

"खोलीची खिडकी उघडी असते ना? दाराच्या फटीतून हवा जातच असते हो. खिडकी उघडी असली तर निघून तरी जाते. बंद खोलीत ती साठून राहते."

फटी मावशीनं बुजवल्या होत्या, पण त्या बाहेरच्या. दाराखालची फट तशीच होती, आणि त्या फटीशी बसून ती रोज संध्याकाळी त्याच्याशी तासभर बोलत होती. पोस्टात खिडकी उघडा म्हणून भांडली आणि घरी स्वतःच्या हातानं माणूस कोंडून घातला.

तिनं फोन लावला. वाजला, वाजत राहिला. परत लावला. उचलला नाही. कपडे बाहेरूनच घ्या, घरात जाऊ नका, असं बाई मागून सांगत होत्या, तोवर ती फाटकाबाहेर पडली होती. दहा मिनिटांची वाट. ती सगळी वाट तिनं स्वतःला शिव्या घातल्या.

कोपऱ्यावर आली आणि मान वर केली.

खिडकी सताड उघडी होती. नवरा चौकटीवर कोपरं टेकून, बनियनवर, डोळे मिटून ऊन खात उभा होता. चौकटीच्या आतल्या कडेला खाकी पट्ट्या ओळीनं लोंबत होत्या, संध्याकाळी परत लावायला सोप्या पडाव्यात अशा.

"अहो!"

तो इतका दचकला की त्यानं आधी खिडकी ओढूनच घेतली. मग पुन्हा हळूच उघडली.

"तू लवकर आलीस? फोन तरी करायचास!"

"कधीपासून चाललंय हे?"

"काय?"

"खिडकी!"

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "पहिल्या दिवसापासून. तू कोपरा वळलीस की काढायची आणि सहा वाजता लावून टाकायची. आत जीव गुदमरतो गं. पण तू खालून बघतेस ना रोज, बंद दिसली की तुझा जीव भांड्यात पडतो. मला वरून दिसतं ते."

उघडून परत चिकटवलेलं पाकीट मावशी हात न लावता ओळखायची. सगळं पोस्ट त्यासाठी तिच्याकडे यायचं. आणि सात आठवडे रोज डोळ्यांसमोर असलेल्या पट्ट्या तिला ओळखता आल्या नाहीत.

"मला लागण झालीय," ती म्हणाली. "चारला गाडी आहे. उद्या तुम्हाला तपासायला येतील."

तो आत गेला आणि ते यंत्र घेऊन आला. तिला दिसेल असं बाहेर धरून त्यानं नळी ओढली. दोन चेंडू वर गेले, तिसरा अर्ध्यावर थरथरत राहिला.

"दिसलं?" धाप लागली होती तरी तो हसत होता. मग हळूच म्हणाला, "ही आता बंद करू का?"

मावशीनं समोरच्या पायरीवर बसकण मारली आणि रस्त्याची पर्वा न करता रडली.

"हात तर लावून बघा त्या खिडकीला!" ती रडतारडताच ओरडली. "आणि त्या पट्ट्या खाली पाठवा. एकूण एक. तुमचा काही भरवसा नाही, मला बरं वाटावं म्हणून परत लावून बसाल."

थोड्या वेळानं सुतळीला बांधलेली पिशवी भिंतीला घासत खाली आली. कपडे, चष्म्याचं घर, साबण. सगळ्यात वर एक जुनं पाकीट होतं आणि त्यावर पट्ट्या ओळीनं चिकटवलेल्या होत्या. तिनं त्या मोजल्या. बारा लावल्या होत्या, बारा आल्या.