पाठ झालेला तक्ता

डोळ्यात इंजेक्शन म्हटलं की लोकांच्या अंगावर काटा येतो. मला सात वर्षांत त्याचं काही वाटेनासं झालं. २०१० साली उजव्या डोळ्याच्या पडद्यातली शीर तुंबली. डावा जन्मापासूनच अधू, त्यामुळे सगळी भिस्त ह्याच्यावर. पडद्यावरची सूज उतरायला इंजेक्शनं सुरू झाली, आधी दर महिन्याला, मग जरा लांबवत.

तेव्हा माझे यजमान, दिनकर, लखनौतल्या अलीगंजच्या घरून दवाखान्यात स्कूटरवर न्यायचे. २०१३ला ते गेले. मुलगा आशिष बंगळुरूला. लखनौत वाढलेला, माझं मराठी कळतं पण उत्तर हिंदीत. त्याचं एकच पालुपद, नजर कमी झाली की घर बंद, मम्मी आमच्याकडे. मला माझं घर सोडायचं नव्हतं, बस्स. इंजेक्शनच्या दिवशी सोबत कुणीतरी लागतंच, म्हणून ऑटोवाले रामदास भैया माझे नातेवाईक होऊन सही करायचे. हसू नका, एकट्या बाईला काय काय करावं लागतं!

आता गुन्हा सांगते. डोळ्यात थेंब घालून तासभर बाकावर बसवायचे. समोर दार उघडं, आत पेशंट अक्षरांचा तक्ता मोठ्यानं वाचतायत. वर्षानुवर्षं तोच तक्ता. ऐकून ऐकून मला खालपर्यंत पाठ झाला. दिनकर गेले त्या हिवाळ्यात अक्षरांचा मधलाच भाग पुसला जायला लागला, आणि मी घडाघडा म्हणून दाखवलं. खरं वाटावं म्हणून मुद्दाम एखादं अक्षर चुकायचे. रिपोर्ट आशिषला, आशिष खूश. आणि मी कोण, तर बत्तीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेली बाई! एक आकडा फिरवला म्हणून चंद्रशेखर नावाच्या विद्यार्थ्याचा अख्खा प्रबंध मी परत पाठवला होता.

घरी डाळीतला खडा दिसेना. शेजारीण समोरून हसली तरी ओळखू येईना. तिला वाटलं मला शिष्टपणा चढलाय, तिनं येणंच सोडलं. सांगणार कुणाला? खरं सांगते, इतकी एकटी पडले होते की इंजेक्शनच्या तारखेची वाट बघायचे. त्या दिवशी कुणीतरी हनुवटीला हात लावून 'माताजी, ऊपर देखिए' म्हणायचं.

२०१७ साली डॉक्टर निगम भलतेच खुशीत होते. सात वर्षं इंजेक्शनं घेतलेल्यांचे निकाल ते डॉक्टरांच्या परिषदेत मांडणार होते. स्कॅनमध्ये सूज नाही, नजर टिकून, सगळ्यांत चांगला निकाल माझा. बाकावर एक नवी बाई होती, शिवणकाम करणारी. घाबरून इंजेक्शनच नको म्हणत होती. डॉक्टर तिला म्हणाले, ह्यांनाच विचारा.

तिनं माझा हात घट्ट धरला. "दीदी, सच बताइए, सात साल बाद भी इतना दिखता है?"

मी तिच्याकडे पाहिलं. कान दिसले, पदराचा काठ दिसला, चेहरा नव्हता. मला माझीच लाज वाटली.

"डॉक्टरसाब, मेरा नाम काट दीजिए," मी म्हटलं. "मुझे चार्ट याद है. चार साल से."

ते रागावले नाहीत. तक्ता उलटा करून वेगळ्या अक्षरांची मागची बाजू लावली. मला सर्वांत वरचं एकच अक्षर वाचता आलं. मग ते हळू आवाजात म्हणाले की सूज खरंच उतरली, पण पडद्याच्या पेशी केव्हाच दमल्यात, आणि नाव वगळायचं नाही, हाही निकालच आहे. त्या बाईला त्यांनी सांगितलं, प्रत्येकाचं वेगळं असतं, उपचार घ्या, आणि दिसेल तेवढंच सांगा. ती माझा हात सोडून आत गेली.

मी रामदास भैयांना आशिषचा नंबर लावून द्यायला सांगितला आणि त्याला पाठ केलेल्या तक्त्याचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मम्मी, आप तो हर बार कहती थीं, सब ठीक है।"

"म्हणत होते," मी म्हटलं. "मला दिसत नाही रे, आशिष. ये, मला घेऊन जा."