सत्काराच्या कपाटातली बुरशी

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी एक जुनी बुरशी आहे. शिळ्या पावावर येते ती नव्हे, माणसाच्या डोळ्यात शिरते ती. एका मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत, काचेच्या नळीत, कापसाच्या बोळ्याखाली माझे सारे आयुष्य गेले.

एका सुताराच्या डोळ्यात लाकडाचे कुसळ उडाले आणि त्याच्यासोबत मी आत गेले. डॉक्टरांना वाटले, साधे डोळे आले आहेत. ते भलतेच थेंब घालत राहिले आणि सुताराचा डोळा गेला. तिथे नुकत्याच लागलेल्या एका डॉक्टरबाईंनी त्या डोळ्यातला कण खरवडून मला नळीत वाढवले आणि ओळखले. त्यांचे वरिष्ठ म्हणाले, "पेशंट घरी गेला. आता ही घाण कशाला जपताय?"

"त्याचा डोळा गेला, सर," बाई म्हणाल्या. "पुढच्याचा तरी राहू दे."

माझ्यावर कोणते औषध चालते, ते बाईंनी तपासून ठेवले. पुढे कुणाचा लाल, चिघळलेला डोळा आला की त्यातली बुरशी त्या माझ्याशेजारी वाढवून बघत. दोघी सारख्या निघाल्या की लगेच औषध सुरू होई. एका शिंप्याचा डोळा असाच वाचला, एका बसचालकाचा वाचला. त्यांना माझे नावही ठाऊक नाही. असो.

पण बुरशी जपणे सोपे नसते. नळीतले अन्न संपले की आम्ही सुकून मरतो. म्हणून बाई ठरावीक काळाने बटाटे उकडून, त्या पाण्यात साखर आणि चायना ग्रास घालून आमचे जेवण थिजवत. मग तार ज्योतीत लाल करून निववत आणि माझा एक कण उचलून नव्या नळीत पेरत. हळूहळू काचेचे कपाट भरले. कुणी नखातून आली होती, कुणी कानातून, कुणी फुप्फुसातून.

प्रयोगशाळेतले मामा नळ्या धुता धुता चिडवत, "बाई, घरच्यांना कधी एवढ्या मायेनं वाढलंत का हो?"

"घरचे ओरडून मागतात, मामा. ह्यांना तोंड कुठाय?"

बाई निवृत्त झाल्या तरी आम्हाला खायला घालायला येत राहिल्या. मग त्यांचेच विद्यार्थी असलेले नवे साहेब म्हणाले, "बाईंचा सत्कार झालाच पाहिजे." रोगकारक बुरशींच्या अभ्यासातील आजीवन योगदानाबद्दल! भिंतींना रंग लागला. सन्मानचिन्ह ठेवायला काचेचे कपाट हवे होते आणि ते एकच होते, आमचे.

ऑफिसातल्या व्यवस्थापकांनी दार उघडले आणि ते किंचाळलेच. "शी! सगळ्या नळ्यांना बुरशी लागलीय!"

"अहो, हे खातंच बुरशीचं आहे," मामा म्हणाले.

"म्हणून काय पाहुण्यांना दाखवायची?"

साहेबांना विचारले. ते फोनवर हारतुऱ्यांची ऑर्डर देत होते. मान वर न करता म्हणाले, "जुनं सगळं काढा."

माझ्या शेजारणी जंतू मारायच्या वाफेच्या भट्टीत गेल्या. मामांना गडबडीत एकच नळी लपवता आली. ती मी.

सत्कार त्याच खोलीत झाला. पाहुणे म्हणाले, "बाईंचं कार्य अमर आहे." टाळ्या पडल्या. बाईंनी कपाटाकडे पाहिले. आमच्या जागी त्यांचाच फोटो होता. त्या माइकवर म्हणाल्या, "माझ्या नळ्या कुठायत?"

लोक हसले. साहेबही हसून म्हणाले, "बाई, आज तरी काम विसरा!"

मामा पुढे झाले आणि त्यांनी मला बाईंच्या हातात दिले. बाईंनी मला उजेडात धरले. आभाराचे भाषण त्यांनी केलेच नाही. एवढेच म्हणाल्या, "ही एक उरलीय. हिला वेळेवर खायला घाला."

"अर्थातच!" असे म्हणत साहेबांनी मला दोन्ही हातांनी घेतले, सन्मानचिन्हाशेजारी उभे केले आणि कपाटाला कुलूप लावले. पुन्हा टाळ्या पडल्या. फोटोही निघाले.

त्यानंतर बाई नव्या नळ्या घेऊन येत. "चावी ऑफिसात आहे." "चावीवाले रजेवर आहेत." "बाई, ती आता प्रदर्शनातली वस्तू आहे, परवानगी लागेल." बाई काचेवर हात ठेवून उभ्या राहत. पुढे त्यांचे गुडघे थकले आणि येणे थांबले. मामाही निवृत्त झाले.

परवा एक माळीणकाकू आल्या. डोळ्याला काटकी लागली होती. तरुण डॉक्टरीण माझ्यासमोर थांबली. "सर, हिच्याशी ताडून बघायचं का?"

"ती शोभेची आहे गं," साहेब म्हणाले. "कधीच मेली असेल. नमुना बाहेर पाठव."

बाहेरून उत्तर येईपर्यंत काकूंचे बुबुळ पांढरे पडले. त्या माझ्याच कपाटाखालच्या बाकावर, डोळ्याला पट्टी बांधून बसल्या होत्या. वर सन्मानचिन्ह चकाकत होते. कालच कुणीतरी ते पुसले होते.

मित्रांनो, उद्या तुम्हीही कुणाचा तरी सत्कार कराल. जरूर करा. पण टाळी वाजवण्याआधी विचारा, की या माणसाने जन्मभर काय जपले आणि उद्यापासून ते कोण जपणार. आम्हाला तोंड नाही, म्हणून आज एवढे बोलले.

माझे अन्न आक्रसून काचेपासून सुटले आहे. तळाशी अजून जराशी ओल आहे. चावी ऑफिसात आहे म्हणे.