जपून ठेवलेलं

बसस्थानकाच्या टोकाला, तिकिटाच्या खिडक्या संपतात तिथे, हरवले-सापडले कार्यालयाची एकच खिडकी आहे. तिच्यामागे बसणाऱ्या बाईंच्या हातून चौदा वर्षांत साधी छत्रीसुद्धा इकडची तिकडे झालेली नाही. वस्तू आली की तिला दोऱ्याने चिठ्ठी बांधायची, चिठ्ठीवर नंबर घालायचा आणि त्याच नंबरच्या खणात वस्तू ठेवायची. कोणी रडकुंडीला येऊन खिडकीशी उभं राहिलं की बाई शांतपणे फॉर्म पुढे ओढतात. वस्तू कोणती? रंग कोणता? कशात होती? शेवटची कधी पाहिलीत? त्यानंतर काय केलंत? पाचव्या प्रश्नापर्यंत येता येता निम्म्या लोकांना आपलं आपल्यालाच आठवतं. कंडक्टर म्हणतात, बाईंकडे हरवलेला माणूस आणून दिला तरी त्याला चिठ्ठी बांधून खणात बसवतील.

आणि या बाईंचं घर? देवा रे देवा!

घरात तिला लहानपणापासून भिंगरी म्हणतात. भिंगरीच्या जेवणाच्या टेबलावर जेवायला जागा नव्हती. घरात सहा कात्र्या होत्या, कारण हवी तेव्हा एकही मिळायची नाही, म्हणून सातवी आणायची वेळ आली होती. धुतलेले कपडे मशीनमध्येच विसरून आंबायचे, पुन्हा धुवायचे, पुन्हा विसरायचे. कपाटांची दारं तिने स्वतः पेचकस घेऊन काढून टाकली होती. दार लागलं की आतली वस्तू तिच्यापुरती या जगातून उठूनच जायची.

एक्केचाळिसाव्या वर्षी एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हा आळस नव्हे, लक्ष एका जागी ठरत नाही, याला एडीएचडी म्हणतात. भिंगरी त्या दिवशी सुटल्यासारखी रडली. ताई म्हणाली, "नाव कळलं, बरं झालं. आता आवर."

आवरायचं नाही असं तिला कधी वाटलं होतं? पण खिडकीशी समोर माणूस उभा असतो, हातात फॉर्म असतो, एकापुढे एक प्रश्न असतात. घरात समोर कोण होतं? घरात सगळ्याच वस्तू एकदम हाका मारायच्या, आणि ही प्रत्येकीला ओ द्यायची.

आई ताईकडे असते. वय सत्त्याऐंशी. एक कान पार गेलेला, दुसरा कानातल्या मशीनवर चालायचा. आई म्हणायची, "देवानं डोळ्याला पापणी दिली, कानाला दिली नाही. माणसानं बघणं मिटून घ्यावं, ऐकणं मिटू नये." तर ते मशीन दोन महिन्यांपूर्वी बंद पडलं. भिंगरीने हौसेने मागून घेतलं, दुरुस्त करून आणलं आणि रविवारी आईला द्यायचं म्हणून घरात जपून ठेवलं.

जपून ठेवलं, तिथेच घात झाला. भिंगरीच्या घरात जे कुठेही पडलेलं असायचं ते आज ना उद्या पायात यायचं. जपून ठेवलेलं कधीच सापडायचं नाही.

ताईने विचारलं की ती सांगायची, अजून दुकानातच आहे. आईने कानाला हात लावून विचारलं की मान हलवायची. सहा आठवडे असे काढले. मग निरोप आला, रविवारी मामा येणार. आईचा पाठचा भाऊ, चार वर्षांनी येणार होता आणि पुन्हा इतका प्रवास झेपेल असं कोणालाच वाटत नव्हतं. त्याची दृष्टी गेलेली. म्हणजे तो बोलणार आणि आईला ऐकू येणार नाही. ही मान हलवणार, खुणा करणार आणि त्याला ते दिसणार नाही. नवं मशीन बनवायचं तर कानाचं माप घेण्यापासून महिना लागणार. ताईने घाईने दुकानात फोन केला. दुकानदार म्हणाला, तुमच्या बहिणीने ते केव्हाच नेलं.

शनिवारी सकाळी आठपासून भिंगरी शोधायला लागली. पहिल्याच खणात नळाची चकती सापडली. नळ तीन महिने गळत होता, तो आधी उघडला. पाना हवा म्हणून माळ्यावर चढली. तिथे फोटोंची पेटी होती. पेटीत आई आणि मामा, दोघं सायकलवर, आई पुढे दांडीवर बसून तोंड भरून हसत होती. बारा वाजता ताई दार ढकलून आत आली तेव्हा भिंगरी तो फोटो मांडीवर घेऊन जमिनीवर बसली होती आणि उघड्या नळाचं पाणी पायापर्यंत आलं होतं.

"वा!" ताई म्हणाली. "मशीन शोधता शोधता तळं बांधलंस."

"ताई, ओरडू नकोस गं."

"मी कुठे ओरडतेय? ओरडून उपयोग व्हायला तुला ऐकू तरी यायला हवं. आईचा कान बंद आणि तुझं डोकं." बोलून गेली आणि स्वतःचं बोलणं ताईलाच लागलं. तिने पाण्याची मुख्य तोटी बंद केली, पदर खोचला, खुर्चीवरचा ढीग उचलून दुसऱ्या ढिगावर ठेवला आणि बसली. "इकडे ये. फॉर्म आहे का तुझा तो?"

"फॉर्म?"

"खिडकीवरचा. तुझ्या पिशवीत असणारच, सगळं जग असतं त्यात. आण. आज मी बाई, तू गिऱ्हाईक."

भिंगरी ओल्या पायांनी समोर बसली. हसू आलं तिला, आणि कितीतरी दिवसांनी आशाही वाटली. समोर माणूस होता. हातात फॉर्म होता.

"वस्तू कोणती?"

"कानाचं मशीन."

"रंग?"

"कातडीसारखा."

"कशात होती?"

"दुकानदाराने डबी दिलेली. इतकुशी. मला वाटलं, ही ढिगात जाईल. म्हणून..." भिंगरी थांबली. डोळे मिटून तिने हात हवेत धरले, जणू ती डबी अजून तळहातावर होती. "म्हणून कापसात गुंडाळली. आत वाजू नये, धक्का लागू नये म्हणून. आणि मोठ्या डब्यात ठेवली. बिस्किटांच्या. निळ्या, पत्र्याच्या."

तिने डोळे उघडले. "ताई, आठवलं! निळ्या डब्यात आहे!"

ताईची पेन्सिल थांबली होती.

पंधरा दिवसांपूर्वी दोघींनी मिळून घर आवरलं होतं. भिंगरीच्या आयुष्यातला तो एकमेव दिवस, की ठरवलेलं काम संध्याकाळच्या आत पुरं झालं. नियम ताईचा होता. रिकामे डबे उघडायचे नाहीत. उघडलास की बसशील आत बघत. हलवायचा, वाजला नाही की थेट कचऱ्याच्या पिशवीत. भिंगरीने नियम तंतोतंत पाळला होता. चार पिशव्या भरल्या. ताईने पाठ थोपटली होती, "बघ, जमतं की तुला!"

"निळा डबा," ताई हळू म्हणाली, "मी खाली नेला गं. माझ्या हाताने."

"पण हलवला मी होता," भिंगरी म्हणाली. "वाजला नाही."

फॉर्मवरचे शेवटचे दोन प्रश्न तसेच राहिले.  ताईने जमीन पुसायला फडकं शोधलं. तेही मिळालं नाही.

रविवारी मामा आला. आईच्या शेजारी बसला, तिचा हात चाचपून हातात घेतला आणि बोलायला लागला. सायकलचं बोलला, विहिरीत पडलेल्या चपलेचं बोलला, मामी गेल्यावर घर कसं झालंय ते बोलला. आई त्याच्या तोंडाकडे बघत हसत होती. मामीचं सांगतानाही हसत होती.

"ऐकतेय ना गं ती?" मामाने विचारलं.

भिंगरी मांडीवर वही घेऊन बसली होती, मामाचं बोलणं लिहून आईला वाचायला द्यावं म्हणून. पहिल्या चार ओळींनंतर तिचं लक्ष खिडकीत गेलं होतं. परत आलं तेव्हा मामा कितीतरी पुढे गेला होता. वहीत पाचवी ओळ अर्धी होती.

"नाही, मामा," ती आपल्या कानाला हात लावून म्हणाली. "मशीन नाही कानात. मी टाकून दिलं. जपून ठेवलं होतं, आणि मीच टाकून दिलं."

 मामाचा हात आईच्या हातावर तसाच राहिला.

आईला भिंगरीच्या तोंडावरून एवढंच कळलं, की लेक कशाला तरी रडतेय. ती भावाकडे झुकली आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तशी मोठ्यांदा म्हणाली, "माझ्या मशीनचं विचारतोस होय? अरे, ते हिच्याकडे आहे. जपून ठेवलंय हिनं."