घासलेली खाच

मिस्त्रींच्या हातून गेलेला तुकडा परत आला, असं त्या कारखान्यात एकतीस वर्षांत झालं नव्हतं. शेडच्या टोकाला, रंगखात्याच्या भिंतीला लागून त्यांची खोली होती. तिला नमुनाखाना म्हणत. कुठलीही नवी वस्तू आधी इथे एकदाच, हाताने बनायची. ती पास झाली की मग मशीनवर तिच्या शेकडो बहिणी निघायच्या. डिझाइनवाल्यांनी कागदावर काढायचं आणि मिस्त्रींनी ते लोखंडात उभं करायचं, असा तो कारभार. कागदात काही कमीजास्त असलं तर मिस्त्री कुणाला विचारायला जात नसत. कानस घ्यायचे, चार हात मारायचे, तुकडा जिथल्या तिथे बसवायचे आणि तोंडातून चकार शब्द काढायचे नाहीत. इंजिनिअर मंडळी यायची, पहिल्याच फटक्यात बसलं म्हणून खूश व्हायची आणि निघून जायची. त्यांची पाठ वळली की मिस्त्री गालातल्या गालात हसायचे. शिकलेल्या माणसांच्या चुका आपल्या खिशात आहेत, याची त्यांना गुदगुली व्हायची.

दीड वर्षापूर्वी डिझाइनमध्ये एक नवी मुलगी आली. इतरांसारखं ती कॉम्प्युटरवरचं चकचकीत चित्र घेऊन थेट येत नसे. तिच्या काखेत एक जाड वही असायची आणि तिच्यात पेन्सिलीने काढलेली, खोडलेली, पुन्हा काढलेली चित्रं. दांड्याच्या एकाच मुठीची वीस-वीस चित्रं. मग पुठ्ठा कापून, टाचण्या टोचून ती तोच डाव मिस्त्रींच्या टेबलावर मांडायची, मोडायची, पुन्हा मांडायची. शेजारच्या खात्यातला टर्नर म्हणायचा की बाईंचा बाहुल्यांचा खेळ अजून सुटलेला दिसत नाही. मिस्त्रींना मात्र ती आवडायची. आत येण्याआधी ती दारावर टकटक करायची आणि त्यांना काका म्हणायची. मॅडम म्हणू नका असं तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, म्हणून ते तिला ताई म्हणायचे.

म्हाताऱ्या आणि आजारी माणसांनी धरून चालायचा एक चौपायी आधार ती बनवत होती. त्याची घडी व्हायची. उघडला की पुढच्या दांड्यावरचा एक खटका खाली पडायचा आणि खाचेत जाऊन बसायचा. तो बसला की आधार पक्का, नाही बसला तर घडी पुन्हा मिटायला मोकळी. सगळी मदार त्या अंगठ्याएवढ्या खटक्यावर.

खाचेचं माप तिने मिस्त्रींच्याच टेबलावर वही ठेवून लिहिलं. आधी आठ लिहिले, पेन्सिल दातात धरून थोडा वेळ बघत बसली, मग ते खोडून नऊ केले.

"नऊ मिलीमीटर, काका," ती म्हणाली. "आणि एक ऐका. जसं काढलंय तसंच करा. बसलं नाही तर बसवू नका. कुठे अडतं तेच मला बघायचंय."

मिस्त्रींनी हो म्हटलं. पण आचाऱ्याला भाजी मुद्दाम खारट करायला सांगावी तसं त्यांना ते लागलं. अडणारी वस्तू आपल्या खोलीतून बाहेर जाणार?

आणि ती अडलीच. दांडे उघडले, खटका खाली आला, 'टक्' असा आवाज झाला. पण मिस्त्रींचा कान काही फसला नाही. खटका अर्धाच आत गेला होता. कारण त्यांना एका नजरेत कळलं. खटका पिनेवर झुलत यायचा, सरळ खाली नाही, तर गोलाईत. त्यामुळे त्याची खालची कड खाचेच्या तोंडाला घासत होती. त्या क्षणी मिस्त्रींनी हात पुसून तिला हाक मारायला हवी होती. तीस पावलांवर तिचं टेबल होतं. त्याऐवजी त्यांनी खण उघडला आणि अर्धगोल कानस काढली. दहा मिनिटांत खाच तोंडाशी नवाची अकरा झाली. खटका असा बसला की जणू तिथेच जन्मला. मग कानशीच्या खुणा राहू नयेत म्हणून त्यांनी बारीक पॉलिश पेपरही फिरवला. हे शेवटचं काम आपण कशाला केलं, याचं उत्तर पुढे त्यांना स्वतःलाही देता आलं नाही.

संध्याकाळी ती आली. वीसदा उघडून मिटवून बघितलं. मग मान वर करून विचारलं, "काका, कुठे हात मारावा लागला का?"

"छे," मिस्त्री म्हणाले. "जसं काढलंत तसंच."

तिचा चेहरा असा उजळला की मिस्त्रींना आपण तिला काही बक्षीसच दिल्यासारखं वाटलं. रात्रीच्या जेवणालाही त्या दिवशी चव होती.

पुढचं सगळं रीतसर झालं. तिच्या वहीतलं माप पक्क्या चित्रात गेलं, पक्क्या चित्रावरून चाळीस आधार बनले. तपासणाऱ्यांनी उघडून आवाज ऐकला. 'टक्' झालं, पास. एका रुग्णालयाने ते वापरून बघायला घेतले. चौथ्या दिवशी निरोप आला की सत्तरीच्या एक बाई वळत असताना आधार त्यांच्या हाताखाली मिटला, बाई पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. चाळीसच्या चाळीस आधार टेम्पोत भरून परत आले.

कारखान्याच्या साहेबांनी आपल्या केबिनमध्ये सगळ्यांना बोलावलं. टेबलावर तीन गोष्टी होत्या: मिस्त्रींनी बनवलेला नमुना, परत आलेला एक आधार आणि तिची वही. साहेबांनी स्वतः मापं घेतली. नमुन्यात अकरा. परत आलेल्या आधारात नऊ. पक्क्या चित्रात नऊ. वहीत नऊ, पण त्या नवाखाली खोडल्याचा करडा डाग.

साहेब काही वाईट माणूस नव्हते. सरळ हिशेब मांडत गेले. नमुना अकराचा आहे, म्हणजे वहीत तेव्हा अकराच असणार. पक्कं चित्र करताना हिने चुकून नऊ घातले आणि बाई पडल्यावर वहीतला आकडा खोडून तोच केला. चूक एक वेळ पोटात घालता येईल, ते म्हणाले, पण ही लपवाछपवी नाही.

तिने सांगितलं की खोडलं ते आठ होतं आणि ते आधीच खोडलं होतं. तिचा आवाज चढला नाही, उलट बारीक होत गेला. मग मिस्त्रींनीच काही बदल केला असेल का, हे तिने विचारलं नाही. विचारलं टर्नरने, तेही हसत. "मिस्त्री आपल्या मनाने दोन मिलीमीटर खाणार? अहो, उद्या सूर्यसुद्धा रजेवर जाईल." साहेबही हसले. एकतीस वर्षं बघतोय मी, ते म्हणाले. मिस्त्रींचं ते नाव, जे त्यांनी एकेक तुकडा करून कमावलं होतं, आता त्या मुलीच्या मानेवर ठेवलेलं होतं.

"मिस्त्री, तुम्हीच सांगा," साहेब म्हणाले. "तुम्ही बनवलं तेव्हा वहीत काय होतं? नऊ की अकरा?"

मिस्त्रींनी वहीकडे बघितलं. तो डाग त्यांच्या डोळ्यांदेखत पडला होता.

"आठवत नाही, साहेब," ते म्हणाले. "वय झालं."

साहेबांनी मान डोलावली. उद्या दुपारपर्यंत वरती कळवायचं आहे, तोवर काही आठवलं तर सांगा, म्हणाले. मुलीने मिस्त्रींकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तिला खरंच वाटलं होतं की यांना आठवत नाही.

घरी ताट समोर आलं तेव्हा मिस्त्रींनी बोटांनी नुसतीच चिवडाचिवड केली. बायकोने विचारलं, त्यांनी टाळलं. तिने पुन्हा विचारलं, तेव्हा त्यांनी अर्धंमुर्धं सांगितलं. कानशीचं नाही, फक्त वहीचं.

"म्हणजे त्या पोरीने नंतर खोडलं की नाही?"

"नाही."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"आठवत नाही म्हणालो."

बायकोने हातातलं भांडं खाली ठेवलं. "तुम्हाला? अहो, माझ्या मामाने लग्नात दिलेल्या पेटीच्या किल्लीचा कुठला दात झिजलाय, ते तुम्ही झोपेतून उठवलं तरी सांगाल."

एरवी यावर दोघं हसली असती. मिस्त्री पुढचं बोलणार होते, पण त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे ओढला. त्यांनी कानशीचं सांगितलं नाही, आणि ती मात्र त्यांच्याकडे अशी बघत राहिली जसं काही सगळं ऐकलंय. मग उठून तिने ताट झाकून ठेवलं.

सकाळी ते ठरवूनच निघाले की साहेबांना एकट्याला गाठायचं. साहेब समजून घेतील, गोष्ट केबिनबाहेर जाणार नाही. रस्ताभर त्यांनी वाक्यं जुळवली. पण केबिनकडे जायची वाट गोदामावरून होती आणि गोदामाचं दार उघडं होतं. ती आत फरशीवर बसली होती. भोवती चाळीस आधार. एकेक उघडायची, मापायची, खडूने आकडा लिहायची, पुढचा घ्यायची. केस कपाळावर आले होते, ते मागे सारायलाही ती थांबत नव्हती. पावलं ऐकून तिने मान वर केली नाही.

"काका," ती म्हणाली, "तुम्हाला खरंच आठवत नाही का हो? रात्रभर मी विचार करतेय. मला आता माझंच खरं वाटेना. खोडलंही असेल मी."

मिस्त्रींनी जुळवलेली सगळी वाक्यं कुठल्या कुठे गेली.

"नऊच होता," ते म्हणाले. "आठाचा नऊ केलात, माझ्यासमोर. खाच मी घासली."

तिचा खडू थांबला. "किती?"

"दोन. तोंडाशी."

"कशाने?"

"अर्धगोल कानशीने. वरून पेपर मारला. खुणा दिसू नयेत म्हणून."

हे शेवटचं कुणी विचारलं नव्हतं. पण सांगायला सुरुवात केल्यावर ते तेवढंच मागे ठेवणं त्यांना जमेना.

तिने खडू फरशीवर ठेवला. मग म्हणाली, "मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"दोनदा बोलले होते. करायच्या आधी सांगितलं होतं आणि नंतर विचारलं होतं."

"हो," मिस्त्री म्हणाले. त्यांची नजर फरशीवरच्या खडूच्या आकड्यांवरून हटली नाही.

मग दोघं साहेबांकडे गेली. साहेबांनी ऐकलं, खुर्चीत मागे रेलले आणि चक्क हसले. मिस्त्री, तुम्ही पण ना, ते म्हणाले. या मुलीचं काम अडू नये म्हणून केलंत, यात एवढं काय? चांगुलपणाच नडतो माणसाला. घ्या, चहा घ्या. काल त्या मुलीला बसायलाही सांगितलं नव्हतं. मिस्त्रींना वाटलं, त्यांनी आपल्याला चार शब्द सुनवावेत, निदान आवाज तरी चढवावा. त्या हसण्यापुढे उभं राहणं कालच्या खोट्यापेक्षा जड गेलं. दाराशी टर्नर कागद घेऊन उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं, आणि कागद तसेच हातात घेऊन तो माघारी गेला.

"चांगुलपणा नव्हता तो, साहेब," मिस्त्री म्हणाले. "अशी किती तरी कामं घासलीत मी. आपला तुकडा अडलेला दिसू नये, एवढंच."

साहेबांचं हसू ओसरलं. किती तरी म्हणजे किती, असं ते विचारणार होते बहुतेक. पण मुलीने मधेच वही टेबलावर उघडली आणि कोरं पान मिस्त्रींसमोर सरकवलं. वर पेन्सिल ठेवली.

"काढून दाखवा," ती म्हणाली. "कुठे घासलंत, कसं घासलंत. अहवालाला जोडायचंय."

मिस्त्रींनी आयुष्यभर दुसऱ्यांची चित्रं वाचली होती. स्वतः एक रेघ ओढली नव्हती. केसाएवढं लोखंड उतरवणाऱ्या त्या हाताला पेन्सिल ऐकेना. खाच वाकडी आली. खटका बटाट्यासारखा आला. त्यांनी खोडायला रबर मागितलं, पण ती नको म्हणाली. आहे तसंच राहू दे.

"इथे तिरकं का?" तिने बोट ठेवलं.

मिस्त्रींनी हवेत बोट फिरवून दाखवलं, खटका कसा झुलत येतो, कुठे कड लागते, पिन थोडी वर घेतली तर घासावंच लागणार नाही. ती ऐकत होती, लिहून घेत होती. एकदा थांबली आणि स्वतःशीच म्हणाली की हे तिला त्याच दिवशी दिसलं असतं. वाक्य तिने पुरं केलं नाही. मग पान त्यांच्याकडे फिरवलं.

"खाली सही करा, मिस्त्री."

त्यांनी सही केली. ती वही मिटून निघाली तेव्हा मिस्त्री तिच्या मागोमाग दाराबाहेर आले. त्या बाई कशा आहेत, त्यांनी विचारलं. त्यांना तेवढंच सुचलं.

"सहा आठवडे प्लास्टर," ती म्हणाली. "मी दोनदा जाऊन आले. त्यांना वाटतं, त्यांनीच चुकीचा भार टाकला. मलाच सॉरी म्हणत होत्या."

मिस्त्री एक पाऊल पुढे आले. "मी येऊ का बरोबर? तुम्ही जाल तेव्हा?"

"माझ्याबरोबर नको," ती म्हणाली. "तुमचे तुम्ही जा."

आणि वहीच्या पानाचा कोपरा फाडून तिने त्यावर वॉर्डचा आणि खाटेचा नंबर लिहून दिला.