कागद तो कागद

घरातली कागदपत्रं सांभाळायचा मान थोरल्या सुनेचा. धाकटी आली आणि तिच्या मोबाइलने तो मान पहिल्याच वर्षी गिळून टाकला. आता लेकीकडे निघालेल्या सासूबाईसुद्धा विमानतळावर धाकटीचाच दंड धरून चालत होत्या, आणि थोरली मागून बॅगा ढकलत नुसती जळत होती.

तिघींचे बोर्डिंग पास धाकटीच्या मोबाइलमध्ये होते. "कागद चुरगळतो, हरवतो. हे कसं, बोट लावलं की हजर," असं तिचं म्हणणं. थोरलीने तरीही आदल्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानातून तिन्ही पास छापून आणले होते. ते वाचून तर तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. सासूबाईंच्या शेजारी धाकटी, आणि ती स्वतः पार मागे, संडासाजवळ. जागा निवडणारी कोण, हे वेगळं सांगायला नको.

रांग लागली तशी धाकटी कावरीबावरी झाली. सासूबाईंना नणंदेच्या बाळाचे फोटो दाखवता दाखवता मोबाइलची बॅटरी संपत आली होती.

"ताई, चार्जर आहे का हो?"

"नाही गं," थोरली म्हणाली. चार्जर तिच्या पर्समध्ये, कागदांच्या खालीच होता.

मोबाइल बंद पडला. सासूबाईंचा चेहरा उतरला. थोरलीला इतकं बरं वाटलं, की खरं तर लाज वाटायला हवी होती. पण वाटली नाही. "म्हणून म्हणते, कागद तो कागद," म्हणत तिने ऐटीत पर्समधून पास ओढले. त्यांच्यात अडकून चार्जरची वायरही बाहेर आली आणि लोंबत राहिली.

सासूबाईंनी पाहिलं. धाकटीनेही पाहिलं, आणि नजर दुसरीकडे वळवली.

दारावरच्या मुलीने थोरलीचा पास यंत्राखाली धरला. यंत्र कुरकुरलं. "तुमची जागा बदललीय," म्हणत तिने नवी चिठ्ठी काढून दिली.

"मीच सकाळी बदलली," धाकटी हळूच म्हणाली. "विमान वर जाताना आईंना धडकी भरते. थोरलीच शेजारी हवी म्हणाल्या. मी बसते मागे."

विमान हललं तसा सासूबाईंनी थोरलीचा हात घट्ट धरला. "उतरल्यावर तिला तो चार्जर दे," एवढंच म्हणाल्या.

थोरलीने मान हलवली. आता धाकटीवर जळायचीसुद्धा चोरी झाली होती.