वाळत घातलेल्या ढलप्या

आकारामच्या चाळीस चिकूच्या कलमांना अक्षयतृतीयेपर्यंतची मुदत होती. मुदत दिली होती थोरल्या भावानं, पिराजीनं. त्या दिवशी कलमं हिरवी दिसली तर राहतील, नाहीतर तुकडा नांगरून आडसाली ऊस, असं त्यानं जेवताना जाहीर केलं आणि वर अर्धी भाकरी मागून घेतली. पिराजी वाईट माणूस नव्हता. उसाशिवाय जमिनीतून जे काही वर येतं त्यावर त्याचा विश्वास नव्हता, एवढंच.

त्रेपन्न सालच्या त्या चैत्रात विहिरीनं लवकरच तळ दाखवला. दर चौथ्या दिवशी कलमाला एक कळशी पाणी मिळायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आळ्यातली माती करपलेल्या भाकरीसारखी व्हायची. कोल्हापुरात सरकारी बागेतल्या माळ्यानं आकारामला उपाय सांगितला होता. बुंध्याभोवती लाकडाच्या ढलप्या वीतभर जाड पसरायच्या, म्हणजे ऊन मातीपर्यंत पोचत नाही आणि पाणी उडत नाही. आकारामनं हातकणंगल्याच्या एका वखारीतून गाडीभर ढलप्या आणल्या. गाडी ओढ्यापाशी थांबली. पुढचा बांध शेळीला पुरेल इतकाच रुंद होता, आणि तीही समोरून दुसरी शेळी आली नाही तर.

तिथून पुढं डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर बुट्टी. कलमाला तीन बुट्ट्या. ढलप्या बुट्टीच्या भोकातून मानेवर, मानेवरून बंडीत आणि बंडीतून जिथं हात पोचत नाही तिथं जायच्या. दुसऱ्या दिवशी दुपारी काम संपलं. चाळीस कलमांभोवती चाळीस तांबूस गोल पाहून आकाराम खुशीत जेवायला गेला.

परत आला तर कलमं उघडी. सगळ्या ढलप्या खोपीत आढ्यापर्यंत नीट रचलेल्या, वर गोणपाट घातलेलं. शेजारच्या रानातली बयाबाई आणि तिच्या दोन सुना घाम पुसत बसल्या होत्या.

"आबाळ आलतं," बयाबाई म्हणाली. "तू जेवाय गेलतास. समदं भिजलं असतं की."

वाडीची रीतच तशी होती. कुणाच्या मिरच्या असोत, शेंगा असोत की शेण्या, वाळत पडलेलं असलं आणि आभाळ काळं झालं की जवळ असेल त्यानं उचलायचं. विचारायचं नाही. गेल्या साली आकारामनंच बयाबाईच्या मिरच्या उचलून दिल्या होत्या आणि आठ दिवस डोळे चोळले होते. त्यामुळं रागावायची सोय नव्हती. उलट तिघींना गुळाचा चहा पाजावा लागला. धाकट्या सुनेनं दोनदा घेतला.

चहा चालू असताना आकारामनं मातीचा गारवा, उडणारं पाणी, माळी, सगळं समजावून सांगितलं. बयाबाईनं शेवटपर्यंत ऐकलं आणि मग बंबात काय घालणार, असं विचारलं. त्यानं पुन्हा, जरा मोठ्यानं सांगितलं. थोरल्या सुनेनं चौकशी केली, की वाळवीला आवतण धाडलंय की ती आपली आपण येणार?

पुन्हा बुट्ट्या वाहिल्या. त्या दिवशी आभाळ नव्हतं, पण संध्याकाळ झाली होती. उघड्यावर सरपण राहिलं तर कुणी नेईल म्हणून तिघींनी ते उचललं. तिसऱ्यांदा पसरून आकाराम चार दिवस राखणीला बसला. पाचव्या दिवशी वडगावच्या बाजाराला जाऊन आला तोवर वारं सुटलं होतं म्हणून उचललं. तोपर्यंत तीन कलमं वाळून गेली होती. आकारामला वाटलं, एखाद्या शत्रूशी माणूस भांडू तरी शकतो.

शेवटी तो शरण गेला. म्हणाला, "काकी, लाकूड अजून वलं हाय. रोज वाळत घालाय पायजे. कलमाच्या बुडाशीच घाला, तितं वारं लागतंय."

हे बयाबाईला एका दमात पटलं. त्या दिवसापासून तिघी सकाळी ढलप्या पसरायच्या आणि सांजेला उचलायच्या. भर उन्हात माती झाकलेली राहायची. आकारामला बुट्टीला हात लावावा लागेना. पण पाचव्या दिवशी बयाबाईनं एक ढलपी कानाशी धरून मोडली. कडाक्कन आवाज आला. वाळलं, म्हणाली, उद्या घराकडं न्यायचं.

मग आकाराम पहाटे उठून कलमांच्या वाटणीचंच पाणी थोडं थोडं खोपीतल्या ढलप्यांवर ओतू लागला. बाया ओल्या ढलप्या पसरायच्या, ओल कलमांच्या आळ्यात उतरायची आणि लाकूड काही वाळायचं नाव घेईना. चैत्राच्या उन्हात न वाळणारं लाकूड बघायला वाडी लोटली. गुंडू सुताराला मुद्दाम बोलावलं. त्यानं एक ढलपी चाटून जांभूळ असल्याचा निकाल दिला, दुसरी चाटून तो मागं घेतला आणि तिसरी खिशात घालून चहाची वाट बघत बसला.

अक्षयतृतीयेला सकाळी पिराजी आला. सदतीस कलमं हिरवी होती. पण पिराजी कलमांकडं बघेचना. त्यानं उकिडवं बसून ढलप्यांत हात घातला.

"बगा की, अजून वलंच," बयाबाई म्हणाली. वखारवाल्यानं पोराला फसवलंय, गाडी भरून त्याच्या दारात ओता, असंही तिनं सुचवलं.

पिराजीचा हात ढलप्यांच्या खाली मातीत गेला आणि तिथंच राहिला. मग दुसरा हात त्यानं दोन पावलांवरच्या उघड्या जमिनीवर टेकला आणि चटका बसून उचलला. मग त्यानं एक बिडी पेटवली आणि शेवटपर्यंत ओढली.

"ऱ्हाऊ देत चिकू," पिराजी म्हणाला.

आकारामनं श्वास सोडला. तो पुरता सुटायच्या आत पिराजीनं तुकड्याला लागून असलेल्या उसाकडं बोट केलं. "आता ह्यातबी घालू. समद्या सऱ्यांत."

"दादा, दोन एकर हाय ते."

"मग?"

"गाडी वड्याच्या पुढं येत न्हाय."

"ह्या कशा आल्या? बुट्टी हाय न्हवं?"

बयाबाईनं कमरेवर हात ठेवून ऊस या टोकापासून त्या टोकापर्यंत नजरेनं मोजला.

"घालाल वो एवढं," ती म्हणाली, "पर सांजच्याला उचलायचं कुनी?"

दोन्ही सुना एव्हाना बांधावरून घराकडं निघाल्या होत्या, आणि बऱ्याच भरभर.